पहारा आणि पाठशाळा

दरवर्षी ८ ऑक्टोबरला भारतीय हवाई दलाचा स्थापनादिन साजरा होतो. आकाशात वेगवान विमानांची संचलने होतात, वृत्तपत्रांची पाने छायाचित्रांनी भरतात आणि १९६५, १९७१ व १९९९ या सालांतील पराक्रमांची उजळणी होते. ती व्हावयासच हवी. परंतु या उजळणीत एका लहानशा प्रकरणाचा उल्लेख क्वचितच ऐकू येतो. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी मद्रास, मुंबई, कलकत्ता, कराची आणि कोचीन या बंदरांच्या रक्षणासाठी स्वयंसेवक वैमानिकांच्या ज्या तुकड्या उभारण्यात आल्या, त्या किनारा संरक्षण तुकड्यांचे हे प्रकरण होय. विशाखापट्टणची सहावी तुकडी मागाहून निघाली. अवघ्या तीन वर्षांच्या आतबाहेर या तुकड्या जन्मल्या, झटल्या आणि मोडल्या. त्यांच्या नावावर एकही गाजलेली लढाई नाही. असे असूनही राष्ट्राच्या संरक्षणाचा विचार करणाऱ्यांस त्यांच्या इतिहासातून जे शिकण्यासारखे आहे, ते मोठमोठ्या विजयांतूनही सहसा मिळत नाही, असे आमचे मत आहे.

प्रथम तेव्हाची परिस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. भारतीय हवाई दलाची कायदेशीर स्थापना १९३२ साली झाली आणि १ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळच्या द्रिघ रोड येथे चार वापिती विमानांनिशी पहिली तुकडी उभी राहिली. त्यानंतर सहा वर्षांनी, सप्टेंबर १९३९ मध्ये महायुद्धाचा वणवा पेटला, तेव्हा या अफाट देशाच्या स्वतःच्या हवाई दलात एकच एक स्क्वाड्रन होती. अधिकारी १६ आणि सैनिक ६६२. ही वाढ इतकी मंद का, याचे उत्तर उघड आहे. ज्यांच्या हाती राज्य होते, त्यांना हिंदी माणसाच्या हाती विमान द्यावयाचे नव्हते; द्यावे लागलेच, तर थेंबाथेंबाने द्यावयाचे होते. १९३९ सालच्या चॅटफील्ड समितीनेही या दलाच्या वाढीसाठी फारसे काही सुचवले नाही. प्रमुख बंदरांच्या संरक्षणास साहाय्य म्हणून स्वयंसेवकांच्या पाच तुकड्या उभाराव्यात, एवढी एकच शिफारस तिने केली, आणि तिच्यातूनच हवाई दलाची स्वयंसेवक राखीव शाखा निघाली.

या तुकड्यांतील दुसऱ्या क्रमांकाची तुकडी आपल्या मुंबईची. जुहूचे विमानतळ मुंबईकरांच्या चांगले परिचयाचे होते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जहांगीर रतनजी टाटा कराचीहून टपाल घेऊन याच जमिनीवर उतरले होते. पावसाळ्यात ही जमीन पाण्याखाली जाई आणि टपालाच्या विमानांना पुण्याचा आसरा घ्यावा लागे. समुद्राला लागून असलेल्या असल्या जागेत उड्डाणाची हौस असणारे पांढरपेशे, व्यापारी आणि विद्यार्थी फ्लाइंग क्लबाच्या इवल्याशा विमानांतून आकाशाशी ओळख करून घेत. युद्ध आले आणि हौस कर्तव्यात बदलली. थोडे कायम नोकरीतले सैनिक मधोमध ठेवून त्यांच्याभोवती या नागरिक-वैमानिकांची तुकडी विणण्यात आली.

त्यांच्या हाती काय दिले, हे पाहिले म्हणजे हसावे की रडावे ते कळत नाही. प्रारंभी मिळाली ती जुनी वापिती विमाने. कापडाने मढवलेली, दुपंखी, उघड्या बैठकीची आणि ताशी सव्वादोनशे किलोमीटरांच्या आसपास धावणारी ही विमाने वायव्य सरहद्दीवर वर्षानुवर्षे वापरून झिजलेली होती. त्यांचे सुटे भागही मिळेनासे झाले, तेव्हा सरकारने प्रवासी विमाने ताब्यात घेतली. मुंबईच्या तुकडीच्या वाट्याला ड्रॅगन रॅपिड जातीची विमाने आली. सुंदरबनाच्या मुखांवर पहारा करण्यासाठी कालपर्यंत उतारू वाहणाऱ्या अटलांटा विमानांवर बंदुका चढवल्या गेल्या. कोचीनच्या तुकडीने तर एकाच डी. एच. ८६ विमानाच्या जोरावर मलबारचा किनारा आणि कन्याकुमारीच्या पश्चिमेचा समुद्र राखावयाचा होता. एका विमानाने इतका समुद्र राखणे म्हणजे एका पहारेकऱ्याने कंदील घेऊन साऱ्या शहराची गस्त घालण्यासारखे आहे.

तरीही गस्त घातली गेली. त्या काळी व्यापारी जहाजांच्या वेषात जर्मनांची लढाऊ जहाजे हिंदी महासागरात वावरत होती. फौजा, धान्य, दारूगोळा आणि तेल वाहणारे जहाजांचे काफिले मुंबई आणि कराची या बंदरांतून ये-जा करीत. त्यांच्या माथ्यावर घिरट्या घालाव्या, क्षितिजावर अनोळखी डोलकाठी दिसते काय ते पाहावे, पाण्यावरचा प्रत्येक डाग निरखावा, परत येऊन नोंद करावी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करावे, असा हा कार्यक्रम होता. यात रोमहर्षक काही नाही. शंभर फेऱ्यांतील नव्याण्णव फेऱ्यांत रिकाम्या समुद्रावाचून काही दिसावयाचे नाही. परंतु शंभराव्या फेरीला जे दिसेल ते ओळखता यावे, म्हणून नव्याण्णव वेळा डोळ्यांत तेल घालून पाहावयाचे असते. पहाऱ्याचे शील ते हेच.

या पहाऱ्याच्या जोडीनेच दुसरे एक काम चालले होते. आमच्या दृष्टीने तेच अधिक मोलाचे ठरले. वैमानिक आकाशातून पडत नाहीत. ते घडवावे लागतात, आणि त्यांना घडवण्याची व्यवस्था या देशात जवळजवळ नव्हती. पूर्वी मूठभर निवडक तरुणांना इंग्लंडातील क्रॅनवेल येथे धाडले जाई. युद्ध लागल्यावर तो मार्ग पुरेना, तेव्हा देशातील फ्लाइंग क्लबांकडे लक्ष गेले. ब्रिटिश हवाई दलातील शिक्षक या क्लबांवर नेमण्यात आले आणि टायगर मॉथ विमानांवर स्वयंसेवक शाखेच्या उमेदवारांस पहिले धडे मिळू लागले. ब्रिटिश हिंदुस्थानातील सात आणि संस्थानांतील दोन अशा नऊ क्लबांत १९४१ अखेर ३६४ विद्यार्थ्यांचे प्राथमिक उड्डाणशिक्षण झाले. ज्या दलात युद्धारंभी सोळा अधिकारी होते, त्याच्यासाठी हा आकडा लहान म्हणता येणार नाही.

येथे एक आक्षेप निघतो, आणि तो निकोप मनाचा असल्यामुळे त्याला बगल देणे योग्य नव्हे. ही सेवा कोणाची? १९३९ च्या अखेरीस, हिंदुस्थानाला न विचारता त्याला युद्धात ओढले म्हणून मुंबई प्रांतातील बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला होता. ऑगस्ट १९४२ मध्ये गवालिया टँकवरून ‘चले जाव’ची गर्जना झाली आणि सारे पुढारी तुरुंगात गेले. त्याच मुंबईत, त्याच काळात काही तरुण इंग्रजांच्या निशाणाखाली विमाने उडवत होते. मग त्यांची आठवण स्वतंत्र भारताने का काढावी?

आमचे उत्तर असे. तुरुंगात गेलेल्यांचा त्याग निर्विवाद श्रेष्ठ होता आणि त्याच्याशी तुलना करून या वैमानिकांना मोठे ठरवण्याचा आमचा मुळीच मानस नाही. परंतु किनारा हा कोणत्याही राजवटीच्या मालकीचा नसतो. विशाखापट्टणवर बॉम्ब पडले, तेव्हा ते राज्यकर्त्यांचा वर्ण पाहून पडले नाहीत. बंदरात राबणाऱ्या गोरगरिबांवरही ते पडले. शिवाय ज्या विद्येचे दार राज्यकर्त्यांनी दीडशे वर्षे बंद ठेवले होते, ते युद्धाच्या निकडीमुळे किलकिले झाले असता त्यातून आत शिरणे, हे देशाशी वैर नव्हते. एक पिढी राज्य मिळवण्यासाठी झगडत होती, तेव्हा दुसऱ्या काही हातांनी ते राखण्याची विद्या मिळवली. स्वातंत्र्यानंतर देशाला या दोहोंची गरज लागली, हे विसरून चालणार नाही.

आता या कथेतील कटू भाग. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला आणि पूर्वेकडचे आकाश एकाएकी काळवंडले. किनाऱ्यावर टेहळणी करण्यासाठी जन्मलेली चौथ्या क्रमांकाची तुकडी चार वापिती आणि दोन ऑडॅक्स विमाने घेऊन ब्रह्मदेशात मौलमीन येथे धाडण्यात आली. जपानी बॉम्बफेकीत तिची सहापैकी चार विमाने पाहता पाहता नष्ट झाली. जानेवारी १९४२ च्या अखेरीस तिच्या जागी तिसऱ्या क्रमांकाची तुकडी गेली. तिच्यापाशी चार ब्लेनहाइम विमाने होती, आणि सुमारे एक महिना रंगून बंदरात येणाऱ्या जहाजांना आकाशातून जे काही संरक्षण मिळाले, ते जवळजवळ या चार विमानांचेच होते. किनारा राखावयास शिकलेल्या माणसांनी परक्या किनाऱ्यावरही आपले काम सोडले नाही.

परंतु घरचा किनारा? ५ एप्रिल १९४२ रोजी जपानच्या विमानवाहू नौकांनी कोलंबोवर हल्ला केला. ९ एप्रिलला त्रिंकोमालीवर. मधल्या काळात बंगालच्या उपसागरात शिरलेल्या दुसऱ्या एका आरमारी पथकाने काही दिवसांत वीसहून अधिक व्यापारी जहाजे बुडवली आणि ६ एप्रिलला विशाखापट्टण व काकिनाडा येथे बॉम्ब टाकले. शत्रू येत असल्याच्या वार्तेने मद्रास शहर भराभर रिकामे होऊ लागले. सरकारी कचेऱ्याही आत हलवण्यात आल्या. ताशी पाचशे किलोमीटरांहून अधिक वेगाने झेपावणाऱ्या जपानी झीरो विमानांचा तो काळ होता. त्यांच्यापुढे वापितीने काय करावयाचे होते? पाहणे आणि कळवणे, याहून अधिक काही तिच्या हाती नव्हते. या तुकड्यांनी किनारा वाचवला असे म्हणणे असत्य होईल. जपान्यांनी किनाऱ्यावर पाऊल ठेवले नाही, याची कारणे अन्यत्र होती.

मग या उपक्रमाची फलश्रुती काय? १९४२ च्या अखेरीस या तुकड्या मोडण्यात आल्या आणि त्यांतील माणसांतून हवाई दलाच्या सातव्या व आठव्या क्रमांकाच्या स्क्वाड्रन उभ्या राहिल्या. वेंजन्स जातीची झेप घेऊन बॉम्ब टाकणारी विमाने घेऊन पुढे त्या ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढल्या. ज्या विशाखापट्टणवर एप्रिलमध्ये बॉम्ब पडले होते, तेथेच १ डिसेंबर १९४२ रोजी सातवी स्क्वाड्रन जन्मली, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. विमाने भंगारात गेली, माणसे उरली. शिकलेली माणसे उरली, हीच ती फलश्रुती.

या शिक्षणाची फळे किती दूरवर गेली ते पाहावे. तरुणपणी दिल्लीच्या फ्लाइंग क्लबात उड्डाण शिकलेले प्रतापचंद्र लाल १९३९ साली स्वयंसेवक शाखेत आले, पुढे याच सातव्या स्क्वाड्रनचे नायक झाले आणि १९७१ च्या युद्धात भारतीय हवाई दलाची धुरा त्यांच्या खांद्यावर होती. १९४० साली दलात आलेले आपले हृषीकेश मुळगावकर यांनी काश्मीरच्या युद्धात महावीरचक्र मिळवले आणि १९७६ ते १९७८ या काळात ते हवाई दलाचे प्रमुख झाले. इंग्लंडहून एकट्याने विमान हाकत मायदेशी येणारे मनमोहनसिंग हेही स्वयंसेवक शाखेतलेच. ३ मार्च १९४२ रोजी ऑस्ट्रेलियातील ब्रूम येथे जपानी हल्ल्यात ते मृत्यू पावले. युद्धकाळच्या घाईत पेरलेले बी तीस वर्षे पीक देत राहिले. ते वीस वर्षे आधी पेरले असते, तर एप्रिल १९४२ मध्ये मद्रासच्या रस्त्यांवर पळापळ झाली नसती, हेही तितकेच खरे.

आमच्या म्हणण्याचा रोख आता स्पष्ट होईल. यंत्र पैशाने येते, कधी दानानेही येते. मुंबईच्या नागरिकांनी युद्धनिधी गोळा केला आणि नोव्हेंबर १९४१ मध्ये त्यातून बारा लायसँडर विमाने पेशावर येथे पहिल्या स्क्वाड्रनला अर्पण केली. थोड्याच दिवसांत करुणकृष्ण मजुमदार यांच्या नेतृत्वाखाली ती स्क्वाड्रन ब्रह्मदेशात गेली. लायसँडर हे बॉम्बफेकीचे विमान नव्हे. पायदळाच्या मदतीचे, टेहळणीचे. या मंडळींनी त्यावर बॉम्ब लटकावून शत्रूच्या विमानतळांवर हल्ले केले. मुंबईने विमाने दिली, ती स्पृहणीय गोष्ट होती. पण त्या विमानांतून जे निघाले ते शिकलेल्या माणसांमुळे निघाले, आणि शिकलेला माणूस कोणत्याही निधीतून तीन महिन्यांत विकत मिळत नाही.

आम्ही एके काळी वर्गात खडू घेऊन उभे राहिलेलो आहो. त्यामुळे एवढे निश्चितपणे सांगू शकतो की, शिक्षणाला घाई मानवत नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक उघडणारा विद्यार्थी आणि शत्रू दारात आल्यावर वैमानिक शोधणारे सरकार यांची जात एकच. तहान लागल्यावर विहीर खणणे हा आपल्याकडे जुनाच रोग आहे.

तो रोग स्वातंत्र्याने बरा झाला, असे छातीवर हात ठेवून म्हणवत नाही. नवजात भारताने आरंभ चांगला केला. १९५० साली राष्ट्रीय छात्रसेनेची हवाई शाखा निघाली, तिची पहिली पथके मुंबई आणि कलकत्ता येथे उभी राहिली. १९५२ साली संसदेने राखीव व साहाय्यक हवाई दलांचा कायदा केला. परंतु पुढे शिक्षण ही गोष्ट खरेदीच्या यादीत तळाशी जाऊ लागली. जुलै २००९ मध्ये अपघातानंतर एच. पी. टी. ३२ ही प्राथमिक शिक्षणाची विमाने जमिनीवर ठेवावी लागली आणि त्यांच्या जागी पिलाटस विमाने विधिपूर्वक दाखल होण्यास मे २०१३ उजाडले. मधली जवळजवळ चार वर्षे होतकरू वैमानिकांस पहिले धडे देण्यासाठी पुढच्या टप्प्यावरची किरण विमाने वापरावी लागली. लढाऊ विमानांच्या खरेदीवर या देशात वर्षानुवर्षे खडाजंगी होते. पहिल्या यत्तेच्या फळ्याविषयी मात्र कोणी अवाक्षर काढीत नाही.

आणि किनारा? आकाशातून येणाऱ्या शत्रूची धास्ती घेतलेल्या मुंबईकडे शत्रू अखेर होडीतून आला. १९९३ च्या आरंभी रायगडच्या किनाऱ्यावर दिघी आणि शेखाडी येथे स्फोटके उतरवली गेली. १२ मार्चला त्यांनी मुंबई हादरली. त्यानंतर पंधरा वर्षांनी, २६ नोव्हेंबर २००८ रोजी कफ परेडच्या मच्छिमार वस्तीत दहा मारेकरी उतरले. वस्तीतील माणसांनी ही अनोळखी पोरे उतरताना पाहिली होती. म्हणजे डोळे होते. पण त्या डोळ्यांनी जे पाहिले, ते ऐकून घेणारा कान आणि ऐकताच हलणारा हात यांची साखळी जोडलेली नव्हती. १९४२ ची वापितीही पाहू शकत होती. पाहण्यापासून कृतीपर्यंतचे अंतर सरावावाचून तुटत नाही, हाच या दोन प्रसंगांमधला समान धडा आहे.

फेब्रुवारी २००९ मध्ये सागरी सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलाकडे सोपवण्यात आली, किनाऱ्यावर रडारची मालिका उभी राहिली आणि जानेवारी २०१९ पासून साऱ्या किनाऱ्याचा एकत्रित सराव सुरू झाला. ही पावले स्वागतार्ह आहेत. पण सराव हा समारंभ होऊ नये. रडार विकत आणता येते. कोळीवाड्यातला तरुण, सागरी चौकीतला हवालदार, तटरक्षक दलाचा वैमानिक आणि नौदलाच्या नियंत्रणकक्षातला अधिकारी यांनी एकमेकांची भाषा शिकणे, हे विकत मिळत नाही. ते वर्षानुवर्षे, कोणी टाळ्या वाजवीत नसताना करावे लागते.

यासाठी आमच्या मागण्या तीन आहेत. सागरी पोलिसांची नेमणूक ही शिक्षा समजली जाऊ नये. तिला स्वतंत्र आणि सलग शिक्षण असावे, आणि शिकलेल्या माणसास वर्षभरात दुसरीकडे हलवू नये. महाराष्ट्रातील फ्लाइंग क्लब आणि छात्रसेनेची हवाई पथके ही श्रीमंतांची हौस किंवा प्रमाणपत्रांची दुकाने न राहता, सामान्य घरातील होतकरू मुलामुलींस परवडेल अशा खर्चात आकाशाचे पहिले धडे देणारी शाळागृहे व्हावीत. आणि तिसरी मागणी अगदी अल्प खर्चाची. जुहूच्या जमिनीवर किनारा संरक्षण तुकडीच्या नावाची एक शिळा उभी राहावी. तिच्यावर पराक्रमाची पोकळ वाक्ये नकोत. अपुऱ्या साधनांनिशी या माणसांनी किनाऱ्यावर पहारा केला आणि पुढच्यांसाठी विद्या मागे ठेवली, एवढे पुरे.

वाचकांसही आमचे सांगणे आहे. संरक्षण हे सरकारचे काम, असे म्हणून सुशिक्षित मध्यमवर्गाने आपल्या मुलांसाठी परदेशची तिकिटे काढावी आणि स्थापनादिनी दूरदर्शनसमोर बसून अभिमान बाळगावा, ही वृत्ती देशाला परवडणारी नाही. १९३९ साली जे जुहूला गेले, त्यांच्यातही नोकरदार होते, व्यापारी होते, विद्यार्थी होते. त्यांना उत्तम साधने मिळाली नाहीत, कीर्ती मिळाली नाही, पुष्कळांना तर स्वतःच्या देशाची मान्यताही मिळाली नाही. शिकण्याची संधी मिळाली, तेवढी त्यांनी घेतली. संकट कधी यावे हे कोणत्याही राष्ट्राच्या हाती नसते. ते येण्यापूर्वी शिकून ठेवणे मात्र असते. शांततेची जी वर्षे आपल्याला मिळतात, ती शाळेची वर्षे आहेत, सुटीची नव्हेत.